नसलेला खडा

आमच्या फिरायच्या टोळीत लिफ्टवाले आले तेव्हा मला वाटलं, घबाड सापडलं. या माणसानं उभी हयात एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवलेली. किती साहेबांच्या कुजबुजी त्यांच्या पाठीमागे झाल्या असतील. मी लगेच खोदायला बसलो.

"आठव्या मजल्यावरचे साहेब एकदा टायपिस्ट बाईंना म्हणाले, आता घरी कळलंच आहे तर..."

"तर काय?"

"ते कुठे कळलं? मजला आला, उतरले."

जगातल्या सगळ्या भानगडी त्यांच्याकडे होत्या, आणि एकीलाही शेवट नव्हता.

त्यांच्याशी बोलणंही लोकांनी तसंच केलं. 'काय, बरंय ना?' विचारायचं आणि उत्तराच्या आत दार उघडायचं. बायको वारली. मुलगी परगावी, तिचा फोन भाजी चिरता चिरता यायचा आणि 'कुकर झाला, ठेवते हं बाबा'वर संपायचा. तेव्हा सकाळी बागेत आमच्याबरोबर चालायचं, तेवढंच त्यांचं बोलणं. आम्ही म्हणजे मी, बँकेतून निवृत्त झालेले भाऊसाहेब आणि गाण्याच्या बाई. तिघांचेही पाय जिभेइतकेच चपळ.

आणि नेमका तिथेच त्यांच्या पायानं दगा दिला. थोडं चाललं की लिफ्टवाले बाकावर टेकायचे, उजवा बूट काढायचे, उलटा करून झटकायचे. काही पडायचं नाही. मोजा चाचपायचे, तिथेही काही नाही. पुन्हा चालू लागले की बोटांच्या मुळाशी खडा हजर.

"सापडला का हिरा?" भाऊसाहेब विचारायचे.

"थट्टा नाही हो. बोटांना मुंग्या येतात. मधेच करंट लागल्यासारखी झिणझिणी."

मग निदानं सुरू. भाऊसाहेब म्हणाले, साखर. बाई म्हणाल्या, कंबरेतली नस. मी म्हणालो, एखाद्या साहेबाची अर्धवट भानगड टोचत असेल. लिफ्टवाले हसले, पण लेस बांधता बांधता घाईनं. कारण आम्ही पुढे निघालो होतो.

शेवटी गाण्याच्या बाईंनीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेलो, दवाखान्यात कानांना बरंच मिळतं. साखर ठीक निघाली. मग डॉक्टरीणबाईंनी पंजा दोन्ही बाजूंनी आवळला आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे अंगठा दाबला. लिफ्टवाले खुर्चीतून उडालेच.

"हाच तुमचा खडा, काका. बोटांमधली नस चेंगरून जाड झालीय. बूट कुठले हे?"

"लिफ्टच्या नोकरीतले. स्टुलावर बसून कुठे झिजणार? चांगले आहेत अजून."

"पुढे चोचीसारखे निमुळते आहेत. स्टुलावर बसायला ठीक, चालायला नाही. रुंद पंजाचे घ्या, आत मऊ गादी टाका. आणि काही आठवडे चालणं बंद."

बुटांना ते लगेच कबूल झाले. चालण्याचं ऐकून मात्र चेहरा उतरला. "अगदी बंद?"

"बरं, थोडं चाला. पण हळू. कुणाच्या मागे धावायचं नाही."

आता आमची टोळी हळू चालायची म्हणजे झालंच. भाऊसाहेबांनी एक सकाळ प्रयत्न केला, मग म्हणाले, अंगाला घामच येत नाही. लिफ्टवाले नव्या बुटांत मागे राहिले. आम्ही एक फेरी मारून त्यांना मागून गाठायचो, 'काय म्हणतोय पाय?' विचारायचो आणि पुढे. ते काय म्हणाले ते ऐकायला मान वळवावी लागायची, कोण वळवतो?

आणि एका सकाळी ते समोरून आले.

"अहो, उलटे कुठे निघालात?"

"मुद्दामच. तुमच्याच दिशेनं चाललो तर तुम्ही मला क्वचित गाठता. समोरून आलो की जास्त वेळा भेटता. तोंडंही दिसतात."

"बँकेत हवे होतात तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले, आणि आम्ही पुढे गेलो.

तेव्हापासून मी त्यांना एकेक भानगड हप्त्याहप्त्यानं देतो. पहिल्या भेटीत सांगितलं, शेजारणीचा जावई सासरी राहायला आला. पुढच्या भेटीत, पलंगासकट. त्यापुढच्या भेटीत, पण बायकोला न घेता. मधल्या वाटेवर ते विचार करत येतात आणि लांबूनच हात करून विचारतात, "मग सासू काय म्हणाली?"

पाय आता शांत आहे म्हणतात. पण चाल तीच राहिली, हळू. आमचं फिरणं संपतं तेव्हा ते बागेच्या पलीकडच्या टोकाला असतात. आम्ही फाटकातून हात हलवतो, ते तिथून हलवतात. मग उरलेली फेरी ते पुरी करतात. तेवढ्या वाटेवर समोरून कुणी येत नाही.