लांब प्रार्थना आणि विहिरीचं कुलूप

आमच्या धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. त्यांना सगळे आबा म्हणत. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. दर रविवारी उपासनेत ते काळा कोट घालून, डोळे मिटून उभे राहत आणि मग आजारी, कैदी, विधवा, उपाशी, तहानलेले अशी सगळ्यांची हजेरी होई. मागच्या बाकावरच्या बायका तेवढ्यात एखादी डुलकी काढून घेत. शेवटी सगळ्यांत मोठ्यांदा आमेन मी म्हणायची, कारण घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं असे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. गोरे पाळक आपापल्या देशी परतले होते आणि आमचं बरं चाललं होतं. शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरी, नाताळात करंज्या, रविवारी इस्त्रीचे कपडे. ख्रिस्ती असणं म्हणजे एवढंच, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

मग नवे पाळकसाहेब आले. सडपातळ, सायकलवरून फिरणारे, बोलायला गोड. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक नियम काढला. ज्याने ज्या गोष्टीसाठी प्रार्थना केली, त्याने आठवडाभरात तिच्यासाठी हातपाय हलवायचे आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर काय केलं ते सांगायचं. मोठ्याने आमेन म्हणणाराही त्यात आलाच.

प्रार्थना एकदम आखूड झाल्या. एका मास्तरांनी आजाऱ्यांसाठी मागणं केलं, तर त्यांना आठवडाभर दवाखान्यात रुग्णांची भांडी घासावी लागली. तेव्हापासून लोक दूरदूरच्या देशांच्या राजांसाठी प्रार्थना करू लागले. एका बाईंनी तर समुद्रातल्या खलाशांसाठी केली. धुळ्यात समुद्र कुठला? मी तोंडाला पदर लावून हसले. आमेन मात्र आता ओठातल्या ओठात म्हणत होते.

आबांची सवय काही सुटेना. वैशाखातल्या एका रविवारी त्यांनी नेहमीसारखं तहानलेल्यांसाठी मागणं केलं. पाळकसाहेब हसून म्हणाले, पुढच्या रविवारी ऐकू.

पंचाईत अशी, की चर्चच्या आवारातच, आमच्या घरासमोर, विहीर होती आणि भर उन्हाळ्यातही तिला पाणी असे. तिच्यावर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि किल्ली आबांच्या कोटाच्या खिशात. कुंपणापलीकडे कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरांच्या झोपड्या होत्या. तिथल्या बायका पांझरा नदीच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने हंडा भरत. विहीर उघडली तर पाणी आटेल, गर्दी होईल, असं आबांचं म्हणणं होतं. माझंही होतं. त्या पाण्यावर माझा मोगरा वाढत होता, आणि आपल्या फाटकातून कोणी आत येत नाही याचा मला थोडा तोराही होता.

तो आठवडा आबा धड जेवले नाहीत. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून सांगायचं काय, हा त्यांना घोर लागला होता. प्रकृतीचं कारण सांगून रविवारी घरी राहा, असं मी सुचवलं. त्यांनी कोटाच्या खिशातली किल्ली चाचपली.

शनिवारी सकाळी मी मोगऱ्याला पाणी घालत होते, आबा जवळच खुर्चीवर बसले होते. रिकामा हंडा घेऊन एक म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"आबा, तुमनी विहीरमा पानी शे ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. आबा उठले, फाटक उघडलं, मग जाळीचं कुलूप काढलं आणि म्हणाले, "शे, माय. बठ्ठासनं शे."

माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण 'सगळ्यांचं आहे' हे असं गावच्या बोलीत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी स्वतः पाणी काढून तिचा हंडा भरून दिला आणि ती गेल्यावर ते सांगू लागले. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावात त्यांची आई अशीच विहिरीपासून लांब हंडा घेऊन बसायची. विहिरीला हात लावायची तिला मुभा नव्हती. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा.

"मी आईलाच विसरलो गं," आबा म्हणाले. मला रडू आलं आणि मोगऱ्याकडे बघायची लाज वाटली.

रविवारी उपासना चालू असताना बाहेर विहिरीची कप्पी करकरत होती. आबा उशिरा आले. कोट नव्हता, धोतर भिजलेलं. पाळकसाहेबांनी काहीच विचारलं नाही. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "प्रभू, दोर झिजला आहे. नवा मिळू दे." इतकी छोटी प्रार्थना त्यांनी जन्मात केली नव्हती. सगळे एकमेकांकडे बघू लागले. आमेन म्हणायला कोणी धजेना. मग मी म्हटलं, पूर्वीसारखंच मोठ्यांदा.

नियमाप्रमाणे सोमवारी भर उन्हात मीच बाजारातून दोर आणला. आबांनी तो पोहऱ्याला बांधला. म्हातारी आजही हंडा पुढे करून थांबली होती. तिला पाणी काढून द्यावं म्हणून मी मोठ्या उत्साहाने पुढे झाले, तर आबांनी माझ्या हातातला दोर घेतला आणि तिच्या हातात दिला.

"तिचं तिला काढू दे," ते म्हणाले.