मायच्या बोटाचा बजर

लकव्यानं मायची वाचा गेली आणि अख्ख्या अंगातलं उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं राहिलं. थोरला भाऊ म्हणाला, "चला, हाका मारनं त बंद झालं." बाहेर गाय, घरात विंचू असा माणूस!

मी तेव्हा लाखांदूरच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, रोज एसटीनं ये-जा. माझ्यामागं मायनं कोणाला बोलवावं कसं? म्हणून मी बजर केला. ट्रान्झिस्टर म्हणजे तीन पायांचं बटनच. मधल्या पायाला जराशी वीज मिळाली की बाकीच्या दोन पायांतून मोठी वीज सुटते. दोन उघड्या तारांवर बोट नुसतं टेकवायचं, दाबायलाही नको; ती जराशी वीज बोटातूनच जाते. मायचं कोरडं बोट एका ट्रान्झिस्टरला पुरेना, म्हणून दोन जोडले. मग तिच्या उशाशी लाल लाइट लागला आणि हातमागाच्या खोलीत बजर वाजला. माय हसली. वाकड्या तोंडानं, पण हसली.

भाऊ घरीच मागावर बसायचा. "दिवसभर टी-टी! डोकं उठवलं," म्हणत उठायचा, पण उठायचा.

मग एकदा भावाच्या लग्नासाठी मुलीकडचे घर पाहायला आले. मला नेमकी सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी पोचले तेव्हा पाहुणे गेले होते, भाऊ सुपारी चघळत होता. आत माय ओल्या अंथरुणात पडलेली. बोट तारांवर, लाइट लागलेला, आवाज नाही. बजरची वायर सूत कापायच्या कातरीनं कापली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"काहून कापली गा, दादा?"

"पाहुन्यायसमोर वाजला असता त नाक कापलं गेलं असतं."

"मंग लाइट काहून ठेवला?"

"तिले वाटलं पायजे ना, वाजून रायलं म्हनून. नाही त घशातून आवाज काढते."

म्हणजे दिवसभर तिला वाटत होतं, सगळ्यांना ऐकू येतंय आणि कोणी येत नाही. मेल्यानं हिशेबानं केलं होतं!

मी तिला पुसलं, लुगडं बदललं, वायर जोडली. काय सांगू कप्पाळ? म्हटलं, "बिघडला होता वं, माय." तिनं लाइटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिचं बोट तारांवर ठेवलं. बजर वाजला. तिनं बोट काढून घेतलं.

पुढं लग्न झालं, वहिनी आली. मी बॅटरी बदलत राहिले. माय गेली तेव्हा मी शेजारच्याच खोलीत होते, जागी. बजर वाजला नाही.