पळम

अक्का होत्या तोवर हे कुणालाच बोलले नाही — त्यांनाही नाही. आता त्या गेल्या, आणि तुम्हाला सांगतानाही शब्द चाचपडावे लागताहेत.

अक्का म्हणजे आवडी नावाच्या तमिळ गावातल्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहाच्या थोरल्या डॉक्टर. घर तंजावरी मराठी. मी पुण्याहून आलेली नवखी डॉक्टर. औषधाने कळा आणण्याआधी गर्भाशयाचं मुख तपासावं लागतं — मऊ झालंय का, उघडू लागलंय का? अक्का डोळे मिटून तपासायच्या. बाईचा श्वास सैल होईपर्यंत त्यांचा हात नुसता थांबलेला असे. तसा धीर मी पुन्हा कुणाच्या हातात पाहिला नाही. "नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर थांब," त्या शिकवायच्या, "ओठांसारखं लागलं तर पुढे जा." मग मी तपासलं की दारातून विचारायच्या, "काय की पळम?" तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चं फळ, 'पळम' म्हणजे पिकलेलं. पहिल्या दिवशी मी तो 'काय' मराठी समजून पेशंटची सगळी हकीकत सांगत सुटले. "अगं पुणेकरीण," त्या हसल्या, "पुराण नको, फळ सांग!"

सेल्वी पहिलटकरीण होती. तिने अंग चोरलं. मुख फार मागे होतं — माझी बोटं पोचलीच नाहीत. पुन्हा बघते म्हणणं इतकं कठीण होतं का? अक्का दारात आल्या.

"काय की पळम?"

"पळम, अक्का."

शब्दांचा घोळ झाला म्हणू? नाही. अर्थ मला पक्का ठाऊक होता. त्यांच्यासमोर कच्ची ठरायचं नव्हतं — एवढंच.

त्यांनी माझ्यावर विसंबून स्वतः तपासलं नाही. कच्चं म्हटलं असतं तर आधी मुख मऊ करणारं जेल ठेवून वाट पाहिली असती. तसं न होता सलाइनमधून थेट कळांचं औषध सुरू झालं. सेल्वी दिवसभर तळमळली. मुख उघडेना, बाळाचे ठोके मंदावू लागले. तेव्हा अक्कांनी तपासलं. माझ्याकडे पाहिलं — कळलं असेल का त्यांना? — आणि सिझेरियनची तयारी करायला सांगितली. बाळ वाचलं. बाहेर येऊन त्यांनी सेल्वीच्या आईपुढे हात जोडले. "अम्मा, माझा अंदाज चुकला."

मी शेजारीच उभी होते.

परवा त्यांच्या घरी आम्ही जुने सहकारी जमलो. कुणीतरी मायेने म्हणालं, "अक्कांचा हात एकदाच चुकला. ती सेल्वी, आठवते?"

औषध सुरू करण्याआधी त्यांचा हात लागलाच नव्हता, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

मी मान डोलावली.