डासमावशीचे डोळे

काठी कपाळापासून चार बोटांवर येऊन थांबली, तेव्हा डासमावशीचे डोळे गच्च मिटलेले होते.

"उघडा आता," मास्तर म्हणाले. "काठी गेली घरी."

तिने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. काठी तिथेच होती.

"कुठं गेली? इथंच तर आहे."

"मग इतका वेळ तुम्ही कुठं होता, ताई?"

मागे उभा असलेला लिफ्टवाला हसला. धिप्पाड गडी. दिवसभर लिफ्टच्या विहिरीत उतरून दोर तपासायचं त्याचं काम, त्यामुळे त्याला कशाचंच भय वाटत नसे. मावशीला मात्र सगळ्याचं वाटत होतं. काठीचं, काठी धरणाऱ्याचं, त्या खोलीचं सुद्धा. काठी शिकायची ही खोली टायरच्या दुकानावर होती. सकाळी सहालाच खालून रबराचा वास वर यायचा. मधोमध साखळीला एक झिजलेला टायर टांगलेला होता आणि त्याच्यावर फटके मारून हात बसवायचा. दर फटक्याला साखळी कण्हायची.

ती मोठ्या इस्पितळात रक्ताचे नमुने घ्यायची, एकोणीस वर्षं झाली होती. डास हे नाव वॉर्डातल्या लोकांनी ठेवलेलं. बसते कधी आणि उठते कधी, कळत सुद्धा नाही म्हणून. नाव ऐकून पहिल्यांदा ती रुसली होती, पण आतून सुखावली होती. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत अशांना, वाळलेल्या म्हाताऱ्यांना, सुजलेल्या बाळंतिणींना, सगळे तिच्याकडेच धाडत. ती अंगठ्याने कातडी ताणायची, तर्जनीने चाचपायची, आणि शीर जणू स्वतःहून वर यायची.

चार महिन्यांपूर्वी अपघात विभागात एका पेशंटच्या मुलाने सलाइनचा स्टँड उचलून तिच्यावर घातला. वडील गेल्याचं त्याला नुकतंच कळलं होतं आणि समोर हीच होती, एवढंच कारण. भुवईवर चार टाके पडले. टाके सुकले, पण डोळ्यांना सवय लागून गेली. समोर कुणी हात वर केला की पापण्या खटकन मिटायच्या. घरात नवरा माळ्यावरचा डबा काढायला हात वर करायचा, की हिचे डोळे बंद.

"अगं, डबा काढतोय," नवरा म्हणायचा. "तुला मारायची माझी छाती आहे का?"

तिला हसूही यायचं आणि रडूही.

अपघात विभागातून तिला बाहेरून येणाऱ्या पेशंटांच्या नमुन्यांच्या खोलीत आणलं. तिथे लोक रांगेत, शहाण्यासारखे बसतात. एका सकाळी एका माणसाने नाक खाजवायला मोकळा हात उचलला. तिचे डोळे मिटले आणि त्याच्या दंडातून निघालेली सुई हातमोज्यातून तिच्याच बोटात गेली. मग अठ्ठावीस दिवस गोळ्या, मळमळ आणि तपासणीच्या कागदाची वाट. कागद चांगला आला. पण मोठ्या सिस्टरांनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं.

"आज तुझ्या बोटात गेली. उद्या पेशंटच्या हातात आडवी गेली म्हणजे?"

मावशीने ते बोट मुठीत लपवलं.

"महिनाभर बघते. नाही जमलं तर लेबलं चिकटवायला बस. सुई नाही मिळायची."

लेबलं चिकटवणं वाईट काम नव्हतं. पण तिला सुईचं एकच काम यायचं आणि ते तिला फार चांगलं यायचं. ते गेलं तर मागे काय उरतं?

मास्तर तिला तिथेच, रक्त द्यायच्या खुर्चीवर भेटले. आयुष्यभर बोटीवर आचारी होते. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करायची गोळी रोज घेत, आणि ती नीट लागू पडते की नाही हे बघायला महिन्यातून एकदा त्यांचं रक्त तपासायला जायचं. रक्तातला तो आकडा दोन-तीनच्या मध्ये राहायला हवा. वर गेला तर साधा मार सुद्धा आत वाहत राहतो, थांबत नाही. त्या दिवशी त्यांनी शर्टाची बाही वर करायला हात उचलला आणि हिचे डोळे मिटलेले पाहिले.

"कुणी मारलं?" त्यांनी सरळ विचारलं.

बोटीवरच्या फिलिपिनो खलाशांकडून ते काठी शिकले होते. डेकवर काम नसलं की खलाशी वेताच्या काठ्या काढायचे. मास्तरांनी अठरा वर्षं त्यांना भात रांधून घातला आणि बदल्यात ही विद्या घेतली. "डोळे मिटायची खोड मला पण होती," ते म्हणाले. "या सकाळी. बघू."

घरी सासूबाईंना कळलं, तेव्हा त्या स्वतःच्या काठीवर रेलून उभ्या राहिल्या. "या वयात काठी घेतात ती चालायला गं बाई," त्या म्हणाल्या. "तू कुठं निघालीस लढाईला?"

काठी बगलेपासून बोटांच्या टोकापर्यंत, इतकीच. वेताची, हलकी. खाली मूठभर टोक सोडून धरायची, आणि अंगठा सरळ ठेवायचा नाही, बोटांवर आवळायचा. फटके पाच. एक, उजवीकडून वरून समोरच्याच्या कानशिलावर. दोन, उलट्या हाताने दुसऱ्या कानशिलावर. तीन आणि चार तसेच, पण खाली, कोपरांवर. पाचवा पोटात खुपसायचा. मास्तर आकडे खलाशांच्या भाषेत मोजायचे, इसा, दालावा, तात्लो, आपात, लिमा. मावशी ते ओठांतल्या ओठांत घोकायची. मोजत राहिलं की भीती जरा मागे बसते.

पण समोर माणूस आला की मोजणं विसरायचं. लिफ्टवाल्याशी जोडी लागायची. मार लागू नये म्हणून डोळ्यांवर जाड चष्मा असायचा, तरी पापण्या मिटायच्याच. त्यात तिचा डावा हात. तो छातीशी तयार ठेवायचा असतो. पण एकोणीस वर्षांची सवय, तो आपोआप पुढे जायचा, लिफ्टवाल्याच्या कोपराखाली लागायचा आणि अंगठा कातडी ताणायचा.

"मावशी, शीर शोधताय होय?" लिफ्टवाला म्हणायचा. "सांगा तर खरं, मूठ आवळतो."

सगळे हसायचे. आणि नेमका पुढचा फटका तिच्या त्याच हाताच्या बोटांवर बसायचा.

"काठीकडं बघूच नका," मास्तर सांगायचे. "काठी फार पळते. खांद्याकडं बघा. खांदा आधी सांगतो."

ती खांद्याकडे बघायची. खांदा सांगायचा. आणि त्याने सांगितलं की डोळे मिटायचे, जरा आधीच मिटायचे, एवढाच फरक पडला. तीन आठवडे झाले. आता तिला रात्री जेवतानाच सकाळची धास्ती वाटायची. घास फिरायचा तोंडात. सोडून द्यावं असं रोज वाटायचं. पण शनिवारी महिना भरत होता.

त्या आठवड्यात सोमवारी मास्तरांचं रक्त तिनेच घेतलं. दुपारी कागद आला. आकडा पाचाच्या वर होता. तिने लगेच फोन लावला.

"डॉक्टर म्हणाले दोन दिवस गोळी बंद," मास्तर म्हणाले. "आणि पडू नका, धडपडू नका. मी काय रांगतोय का?"

"वर्ग बंद ठेवा."

"बघू."

बुधवारी ती सहाला पोचली, तेव्हा मास्तर काठ्या पुसत होते. लिफ्टवाला आला नव्हता, कुठे तरी लिफ्ट अडकली होती. उरलेल्या चौघांच्या जोड्या लागल्या. मावशी एकटी उरली.

"या," मास्तरांनी काठी उचलली.

"नको. तुम्ही आज बसा, मास्तर. तोंडानं सांगा, मी टायरवर मारते."

"बसून शिकवतात ते गाणं, ताई. टायर काही तुमच्यावर हात उगारत नाही. शनिवारी महिना भरतो ना तुमचा?"

ती उभी राहिली. पुढे कितीतरी वेळ ती स्वतःला हेच विचारत राहणार होती, की मी का उभी राहिले? आकडा मला माहीत होता. त्या खोलीत तो मला एकटीलाच माहीत होता.

खेळ साधाच होता. दोघांनी एकाच वेळी तेच फटके मारायचे, एक, दोन, तीन, चार, आणि काठीवर काठी वाजवायची. सावकाश. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. टक, टक, टक, टक. तिसऱ्या फेरीला तिला वाटलं, आपले डोळे उघडे आहेत. आणि ते वाटलं त्याच क्षणी मास्तरांचा खांदा फिरला, त्यांची काठी तिच्या कानाकडे निघाली आणि सगळं काळं झालं.

टक असा आवाज आलाच नाही. आला तो ओल्या गोणीवर मारल्यासारखा.

तिने डोळे उघडले. मास्तरांच्या हातातली काठी खाली पडली होती. त्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता.

"काही नाही," ते म्हणाले.

"बघू."

"अहो, काही नाही म्हणतो ना. भांड्याचं झाकण याहून जोरात लागतं."

तिने त्यांचा हात ओढून घेतला. मनगटाच्या वर, घड्याळाच्या पट्ट्यापासून चार बोटांवर, काठीचा आडवा वळ होता. साध्या माणसाला असा वळ उठतो आणि संध्याकाळी जातो. ती त्याच्याकडे बघत राहिली. बघता बघता वळ नाहीसा झाला, कारण आजूबाजूचं सगळंच वर येऊन त्याच्या उंचीला लागलं. घड्याळाचा पट्टा मांसात रुतू लागला. तिने पट्टा सोडला, स्वतःची ओढणी घट्ट गुंडाळली, हात वर धरून ठेवला आणि ओरडली, "गाडी आणा कुणीतरी!"

रिक्षात मास्तर म्हणाले, "बोटांना मुंग्या येतायत." तिने हात आणखी वर धरला. हातात आत रक्त साचत गेलं की शिरा दबतात, बोटं कायमची जातात. हे तिला माहीत होतं. तिला सगळंच माहीत होतं.

रिक्षा अपघात विभागाच्या दाराशी थांबली. चार महिन्यांत तिने हा उंबरा ओलांडला नव्हता. आत तेच दिवे, तीच खाट, भिंतीशी सलाइनचे तेच स्टँड ओळीने उभे. ती दारातच थांबली. पण मास्तरांचा हात वर धरलेला होता, तो सोडता येत नव्हता, म्हणून ती त्यांच्याबरोबर आत गेली.

तरुण डॉक्टरने हात पाहिला आणि त्याचा आवाज बदलला. "रक्त पाठवा आधी. आकडा, हिमोग्लोबिन, गट. लगेच."

उजव्या हातातून घेता येत नव्हतं. डाव्या हातात दर महिन्याच्या सुयांनी शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या. ड्यूटीवरच्या मुलीने दोनदा टोचलं, दोन्ही वेळा कोरडं. टोचलेल्या जागी लगेच काळंनिळं होऊ लागलं. मुलगी रडकुंडीला आली.

"सरक जरा," मावशी म्हणाली.

तिने दंडावर रबरी पट्टी आवळली. कोपराच्या लवणीत काही नव्हतं. मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, काहीतरी होतं. तिने नजर रोखून, श्वास धरून सुई आत सारली. नळीत लाल रेघ आली.

त्याच वेळी पलीकडून डॉक्टरने सुजलेल्या हाताची बोटं सरळ करून पाहिली. मास्तर किंचाळले, कळवळून कुशीवर वळले आणि त्यांचा तो जांभळा, चकचकीत, फुगलेला हात खाटेवरून सरळ तिच्या तोंडावर आला.

तिला तो येताना दिसला. अख्खा दिसला. कातडीवर उमटलेली घड्याळाच्या पट्ट्याची भोकं सुद्धा दिसली. हात तिच्या कानावर आदळला. सुई धरलेली बोटं हलली नाहीत, कारण ती हलली असती तर या माणसाचा दुसराही हात गेला असता. एक नळी भरली. दुसरी भरली. तिसरी भरली. मग तिने सुई काढली, कापूस दाबला आणि दहा मिनिटं तो दाबून तशीच बसून राहिली. कानात शिट्टी वाजत होती.

मान वर केली तर दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"सोमवारपासून इथं ये," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, मला भीती वाटते अजून. आत्ता पण वाटतेय."

"वाटू दे की. मला काय वाटत नाही? आठला हजेरी आहे."

रक्त घट्ट करायचं इंजेक्शन दिलं, हात दोरीने वर टांगला. दुपारपर्यंत बोटांच्या मुंग्या ओसरल्या. साचलेलं रक्त काढायला हात चिरायची वेळ आली नाही. मावशी खाटेजवळच्या स्टुलावर बसून होती. घरी फोन करायचं तिला सुचलं नव्हतं.

मास्तरांनी डोळे उघडले. "कितवा होता?"

"काय कितवा?"

"फटका."

"दोन."

"दोन कानाशी येतो. तुम्ही चार मारलात, तोही दोनच्या वेळेला. आकडे चुकले तुमचे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोळे मिटले होते माझे, मास्तर."

"माहीत आहे. माझे उघडे होते."

"मग चुकवला का नाही?"

मास्तरांनी छताकडे पाहिलं. "दिसला होता," ते म्हणाले. "हात वेळेवर पोचला नाही."

एवढे दिवस तिला वाटत होतं, की डोळे उघडे राहिले की निभलं. ती त्यांच्या टांगलेल्या हाताकडे बघत राहिली.

ड्यूटीवरची मुलगी ट्रे घेऊन आली. सहा तास झाले होते, पुन्हा आकडा बघायचा होता. तिने ट्रे न विचारता मावशीच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी डावा हात पुढे केला. मावशीने हातमोजे चढवले. बोटं गार पडली होती, ती तिने एकमेकांवर चोळली आणि पट्टी उचलली.