बायजाबाईची हाक

सदर भागातल्या गल्ल्यांत पाट्यांना टाकी लावत फिरणाऱ्या बायजाबाईची हाक एका दमात निघायची. "पाटेऽऽ, जातेऽऽ, टाकी लावाऽऽ..." गल्लीच्या तोंडाशी उठलेली ती हाक शेवटच्या नळापर्यंत तुटत नसे. बायका झिजून गुळगुळीत झालेले पाटे तेवढ्यात ओसरीवर काढून ठेवत.

छिन्नीनं दगडात चार टिच्चे, बारीक खळगे, पाडायचे, की तोंडानं फुंकर मारून भुकटी उडवायची, ही सासूनं शिकवलेली रीत. ओला दगड टिच्चे लपवतो, म्हणून पाणी वर्ज्य. अशी वीस वर्षं भुकटी उडवली. ती कुठं गेली, ते कुणी पाहिलं नाही.

बाहत्तरच्या हिवाळ्यात तिची बोटं पांढरी, मग निळी पडू लागली. पुढच्या वर्षी हातांची कातडी ताणली, मग छातीवरचीही. आणि हाक गल्लीच्या मध्यावर, चंपतरावांच्या फाटकाशीच तुटायला लागली. थंडी बाधली असन, म्हणत तिनं ते टाळलं. शेवटी त्याच गल्लीतल्या सुहासिनीताई तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी कातडी ताठरवणाऱ्या या रोगाचं नाव स्क्लेरोडर्मा सांगितलं. तो सगळ्यांच्याच फुफ्फुसात उतरत नाही म्हणाल्या. पण कातडी छातीपर्यंत ताठरली, की पहिली काही वर्षं डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं, आणि इथं तर दगडाची धूळ वर. फुंकर बंद, दगड बंद.

बायजाबाईनं एवढंच विचारलं, "हाक परत येईन का, बाई?"

"जेवढा श्वास आहे, तेवढा सांभाळू या," त्या म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात सून जया छिन्नी घेऊन निघाली. दगडावर ओलं फडकं, नाकातोंडावर पदर. टिच्चे दिसले नाहीत तर बोटांनी चाचपायचे. बायजाबाई धुळीपासून लांब, नळाच्या ओट्यावर बसून राहिली.

"तुम्हीच द्या ना हाक, आत्याबाई. मले लाज वाटते."

"माह्यात आता तेवढा दम नाही वं. तू दे."

जयानं हाक दिली. मधे दोनदा श्वास घ्यायला थांबली. चंपतरावांच्या घरून पाटा बाहेर आला, पाठोपाठ सुहासिनीताईंचा. जयानं मागं वळून पाहिलं नाही.

ओट्यावर मात्र हाक जिथं जिथं तुटली, तिथं तिथं बायजाबाईची छाती श्वास भरायला आपोआप वर उचलली गेली होती. जेवढी वर येऊ शकत होती, तेवढीच.