मामाचा चौथा मुद्दा

माझा मामा एकतीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक विभागात कारकून होता. या विभागात साहेब येतात, दोन वर्षं खुर्ची उबवतात आणि बढती घेऊन निघून जातात. गाड्या वेळेवर धावल्या तर त्या साहेबांमुळे आणि रखडल्या तर कारकुनांमुळे, एवढं प्रशासन त्यांना पक्कं येतं. बाकी काही येत असल्याचं मला तरी कधी दिसलं नाही.

मामाचं काम म्हणजे लांबलचक कागदावर रेघा मारणं. कागदाच्या वरच्या कडेला तास, डाव्या कडेला स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी कुठे थांबली की तिची रेघ तेवढ्यापुरती आडवी होते. त्या जाळ्याकडे एक नजर टाकून मामा सांगायचा की आत्ता कुठली गाडी कुठल्या सिग्नलला ताटकळत असेल. घरीही त्याच्या तोंडी मिनिटंच. मामी जेवायला हाक मारायची तर हा विचारायचा, "किती मिनिटांत वाढतेस?" मामी म्हणायची, "यांच्यापेक्षा एखाद्या स्टेशनमास्तराशी लग्न केलं असतं, तर निदान हिरवा झेंडा तरी बघायला मिळाला असता."

मामाच्या शहराच्या ऐन मध्यावर एक मोठं स्टेशन आहे. समोर हॉस्पिटल, पलीकडे कोर्ट, मागे बाजारपेठ. पण लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येत नसत. त्या शहराला वळसा घालून अकरा किलोमीटरवरच्या स्टेशनवर जात. तिथे उतरलं की स्वागताला एक पाण्याची टाकी आणि सहा भांडखोर टॅक्सीवाले. कारण काय, तर मधल्या स्टेशनात रूळ भिंतीपाशी संपतात. आलेली गाडी आल्या वाटेनेच बाहेर काढावी लागते, म्हणजे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. "यात पंचेचाळीस मिनिटे वाया जातील," असं कुण्या साहेबाने वाफेच्या इंजिनांच्या काळात फाइलवर लिहून ठेवलं होतं. वाफेची इंजिनं भंगारात गेली, साहेबही गेला, पंचेचाळीस मिनिटं मात्र जागची हलली नाहीत. पुढच्या प्रत्येक साहेबाने ती डोळे झाकून पुन्हा लिहिली.

मामाला याची खंत होती ती माझ्या आईमुळे. आई त्याची थोरली बहीण, तीन तासांवरच्या गावात राहणारी. तिला कॅन्सर झाला आणि दर दुसऱ्या मंगळवारी मधल्या स्टेशनसमोरच्या हॉस्पिटलात औषध चढवायला यावं लागायचं. मी तिला घेऊन यायचे. येताना एक वेळ ठीक होतं. परतीला मात्र ते औषध अंगात घेऊन अकरा किलोमीटर बसचे हादरे खायचे, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी धरून. बस हॉस्पिटलाच्या दारातून निघून रिकाम्या स्टेशनला वळसा घालायची, तेव्हा आई खिडकीतून ते रिकामे फलाट बघायची. चौथ्या खेपेनंतर ती म्हणाली, "मला नाही जमायचं हे. राहू दे ते औषध."

मामाने हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज कचेरीआधी घड्याळ घेऊन मधल्या स्टेशनात जाऊन उभा राहू लागला. तिथे एका जवळच्या पॅसेंजर गाडीचं इंजिन रोज बदलत असे. मामाने ते चाळीस वेळा मोजलं. अठरा मिनिटांच्या वर एकदाही गेलं नाही. मग त्याने आपल्या कागदावर आईच्या परतीच्या गाडीची रेघ शोधली, तर पुढे एका आडगावी ती बत्तीस मिनिटं आडवी पडलेली. कशासाठी, तर समोरून येणाऱ्या मालगाडीला वाट द्यायला. ती मालगाडी नऊ वर्षांपूर्वीच बंद झालेली. म्हणजे नसलेल्या गाडीसाठी असलेली गाडी रोज अर्धा तास उभी राहत होती आणि एवढ्या मोठ्या कचेरीत ते कुणाच्या गावीही नव्हतं.

मामाने टिपण लिहिलं. मुद्दे चार. एक, इंजिन बदलायला अठरा मिनिटं लागतात. दोन, आडगावची बत्तीस मिनिटं वाचवली की इंजिन बदलणं आणि शहरात शिरायचं वळण दोन्ही त्यात बसतात. तीन, उतरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांचं काम शहराच्या मध्यातच असतं. चार, गाडी मधल्या स्टेशनातून उलटी निघेल, म्हणजे पुढचा डबा मागे जाईल आणि मागचा पुढे. म्हणून पलीकडच्या चार स्टेशनांवर कुठला डबा कुठे थांबणार ते दाखवणाऱ्या पाट्या बदलायला हव्यात.

टिपण वर्षभर धूळ खात पडलं. तोवर दर खेपेला आईला समजावून, रागावून मी कसंबसं हॉस्पिटलात नेत होते. मग नवे साहेब आले. एकदा त्यांच्या सासूबाई सात बॅगांसह त्या पाण्याच्या टाकीसमोर उतरल्या आणि आठवड्याच्या आत फाइल हलली. जे माझ्या आईच्या हालांनी झालं नाही ते सासूबाईंच्या बॅगांनी करून दाखवलं. समिती बसली, समितीने चहा ढोसला आणि साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवून योजना मांडली. योजना अर्थातच त्यांना स्वतःला सुचलेली. पण साहेबांचा एक दंडक होता, पडद्यावर एका वेळी तीनच मुद्दे हवेत. चौथा आला की वरिष्ठांचं लक्ष उडतं, असं ते कुठल्याशा शिबिरात शिकून आले होते. त्यांनी चौथा मुद्दा कापला.

तीन महिन्यांसाठी आईची ती एक गाडी मधल्या स्टेशनातून चालवून बघायचं ठरलं. पहिल्या दिवशी फीत कापली, बँड वाजला, इंजिन सतरा मिनिटांत बदललं. साहेबांनी मामाकडे न बघता स्वतःचंच अभिनंदन करून घेतलं. गाडी निघाली आणि पुढच्या स्टेशनात शिरली, तर पाट्या बघून शहाण्यासारखी रांगेत उभी असलेली सगळी माणसं चुकीच्या टोकाला. मग म्हातारी माणसं, गाठोडी, कडेवरची पोरं, सगळं लटांबर या टोकाकडून त्या टोकाकडे पळत सुटलं. दोन मिनिटांचा थांबा अकरा मिनिटांचा झाला. चारही स्टेशनांवर तोच तमाशा. आठवडाभर गाडी रोज छत्तीस मिनिटं उशिरा पोचली आणि मामाच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली.

मामाने उत्तर लिहीत बसण्याऐवजी फोन उचलला. त्या चार स्टेशनमास्तरांना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, पण वीस वर्षं फोनवर बोलून चौघांचे खोकलेसुद्धा तो ओळखायचा.

"पाट्या उलट्या लावा," तो म्हणाला.

"लेखी हुकूम?"

"येईल तेव्हा येईल. माझी बहीण बसते त्या गाडीत."

चौघांनी दुसऱ्या दिवशी पाट्या बदलल्या. गाडी वेळेवर धावू लागली. आई हॉस्पिटलातून निघून रस्ता ओलांडायची आणि चार मिनिटांत डब्यात आडवी व्हायची. औषध सोडायची भाषा बंद झाली.

पण अहवाल लिहायचा होता आणि पहिल्या आठवड्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायलाच हवं होतं. साहेबांनी मामाला बोलावून खुर्ची दिली. साहेब कारकुनाला खुर्ची देतात तेव्हा समजावं की काहीतरी शिजतंय. ते म्हणाले, "हे बघा, पाट्यांची गोष्ट तुमच्या टिपणात नव्हती, ती नंतर आमच्या लक्षात आली, असं लिहून द्या. म्हणजे दोष मार्गाचा नाही, टिपणाचा ठरेल. नाहीतर मला लिहावं लागेल की मार्गच अव्यवहार्य आहे."

मामाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी भडकले. त्याच्याकडे टिपणाची प्रत होती, कचेरीचा शिक्का आणि तारखेसकट. मी म्हटलं, "हे वर्तमानपत्रात देऊ. नाक कापलं जाईल त्याचं."

"जाईल," मामा म्हणाला. "आणि नाक वाचवायला तो पहिल्यांदा गाडी बंद करेल. पुढचा मंगळवार सहा दिवसांवर आहे."

"पण हे धडधडीत खोटं आहे."

"हो, खोटंच आहे. आणि ताईला यातलं काही कळू द्यायचं नाही," तो म्हणाला आणि मामीकडे पाणी मागितलं.

ज्या माणसाने अख्ख्या नोकरीत एका गाडीचं एक मिनिट इकडचं तिकडे लिहिलं नाही, त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं की चौथा मुद्दा माझ्याकडून राहून गेला. त्याची एक वेतनवाढ रोखली. मार्ग कायम झाला, मागोमाग आणखी तीन गाड्या मधल्या स्टेशनात आल्या आणि पाट्यांच्या कल्पक योजनेबद्दल साहेबांना बक्षीस मिळालं. असल्या माणसाचा मला अजूनही मनापासून तिटकारा आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढच्या महिन्यात आई गाडीतून उतरली तेव्हा मधल्या स्टेशनच्या फलाटावर नवा संगमरवरी फलक होता. मामा आम्हाला घ्यायला आला होता. आईने चष्मा लावून साहेबांचं नाव, हुद्दा, 'यांच्या संकल्पनेतून', सगळं शेवटपर्यंत वाचलं. मग हात जोडले, त्या नावाला.

"देव भलं करो या माणसाचं," ती म्हणाली, आणि मामाकडे वळली. "बघ, तुमच्यातच कुणीतरी आहे ज्याला आमच्यासारख्यांची कीव आली. तू इतकी वर्षं तिथे बसून काय केलंस रे?"

मी तोंड उघडलं. मामाने मान हलवून मला गप्प केलं.

"काही नाही, ताई," तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. "चल, तुझा नंबर लागायचा."