बाजूने कोणी आहे का?

आमच्या विधिमंडळात अधिवेशनाचा पहिला दिवस म्हणजे नव्या विधेयकांचा नुसता पूर असतो. आमदार मंडळींना वर्षभर जे सुचत नाही ते सगळं त्या एका सकाळी सुचतं. पुलांच्या कठड्यांपासून कुत्र्यांच्या पट्ट्यांपर्यंत काहीही. प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत चढवायचं आणि टॅग घालून ज्या त्या समितीकडे पाठवायचं, हे काम एकट्या माणसाचं. त्यांना सगळे शिक्केकाका म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल, आम्ही कधी बघितलं नाही.

मी समित्यांची लघुलेखिका. बैठकीत जो जे बोलेल ते टिपून घ्यायचं, खोकला तेवढा सोडून. एकोणीस वर्षं आमची टेबलं समोरासमोर होती, आणि एवढ्या वर्षांत काका माझ्याशी पंख्याबद्दल सोडून फारसं काही बोलले नव्हते. डबा खायचे तेही भिंतीकडे तोंड करून. मी मुद्दाम डिवचायची, "काका, एवढी विधेयकं हातातून गेली, एखादं वाचलंत तरी का?"

"आत काय आहे ते आपलं काम नाही, बाई. पानं क्रमाने आहेत ना, एवढं बघायचं."

रविवारी कुठे असता विचारलं की म्हणायचे, "बाहेर." माणूस एकटा, लग्न नाही, आणि दर रविवारी बाहेर! आम्ही बायकांनी चहाच्या वेळेला त्यावर काय काय तर्क लढवले होते, ते आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्या वर्षी एकशे सत्ताविसाव्या विधेयकात एक पान उलटं लागलं होतं. ते सरळ करताना काकांची नजर त्यावर गेली असणार. शिक्का हातात तसाच धरून ते उठले आणि माझ्या टेबलापाशी आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, हे जरा वाचा. मी बरोबर वाचतोय ना?"

मतिमंद माणसांच्या निवासी संस्थांबद्दलचं विधेयक होतं. चालू कायद्याप्रमाणे तिथल्या माणसाला घरी न्यायचा हक्क आईवडिलांना किंवा जोडीदाराला. ते नसतील तर संस्थाच पालक, जन्मभर. सातव्या कलमात एवढाच बदल सुचवला होता, की आईवडिलांच्या पश्चात हा हक्क सख्ख्या भावाला किंवा बहिणीला मिळावा.

"बरोबर वाचताय," मी म्हटलं. "का हो?"

"मला धाकटी बहीण आहे," काका म्हणाले, आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची मोडकी आहे हे सांगायचंही मला सुचलं नाही.

बहीण नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला संस्थेत ठेवलं. काका तेव्हा चौदा वर्षांचे. पुढे वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, आणि संस्थेत जाऊन सही करण्याइतकी ती बरी कधी झालीच नाही. ती गेल्यावर तर प्रश्नच मिटला. मग उरला रविवार. तीन ते पाच, भेटीची वेळ. पाच वाजले की घंटा होते, बहीण यांची छत्री आणून हातात देते आणि फाटकापर्यंत सोडायला येते. घरात तिच्यासाठी एक खोली रिकामी ठेवलेली होती. आई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं.

मी उगाच टेबल आवरत बसले.

आता या विधेयकाचं पुढे काय होणार हे आम्हा दोघांना पुरतं ठाऊक होतं. समितीत विधेयक पुकारलं जातं. मग अध्यक्ष विचारतात, "बाजूने कोणी आहे का?" जनतेतलं कुणीही उठून बोलू शकतं. पण एकही जण उठला नाही, तर आमच्याकडचा रिवाज असा, की विधेयक बाजूला ठेवायचं. बाजूला ठेवलेलं विधेयक अधिवेशनाबरोबरच संपतं आणि दोरी बांधून काकांच्याच कपाटात परत येतं. ते कपाट गच्च भरलेलं होतं.

आणि विधिमंडळाच्या कर्मचाऱ्याने कुठल्याही विधेयकावर, बाजूने किंवा विरोधात, तोंड उघडायचं नाही. नोकरीला लागताना तशी सही घेतात. काकांना निवृत्तीला चार महिने उरले होते आणि समिती होती तीन आठवड्यांवर.

"मी नवऱ्याला पाठवते बोलायला," मी म्हटलं.

"त्यांचा काय संबंध?"

"संबंध नाहीच. आणि तो घरात माझ्यासमोर दोन वाक्यं धड बोलत नाही, तिथे काय बोलणार म्हणा."

काका हसले. मग उठून जागेवर गेले आणि एकशे अठ्ठाविसाव्या विधेयकावर शिक्का मारला. मला त्यांचा राग आला. ओरडा, भांडा, काहीतरी करा की!

समितीचा दिवस आला. चार नंबरची खोली, अकरा सदस्य, त्यातले दोघे पेंगत होते. ज्या आमदाराने विधेयक मांडलं होतं तो नवखा गडी दुसऱ्या समितीत अडकला होता, त्याने नुसती चिठ्ठी पाठवली. काका नेहमीसारखे दाराशी, बोलणाऱ्यांच्या नावांचा कागद घेऊन उभे. कागद कोरा होता. विरोधाला मात्र संस्थांचा एक अधिकारी फाईल मांडीवर घेऊन तयारीत बसला होता.

"एकशे सत्तावीस," अध्यक्ष म्हणाले. "बाजूने कोणी आहे का?"

कुणी नव्हतं. मी ते वाक्य लिहून पेन्सिल थांबवली. शांततेला लघुलिपीत खूण नसते. अध्यक्षांनी पान उलटायला बोट ओलं केलं.

तेवढ्यात काकांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं, तो अध्यक्षांपुढे ठेवला, गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या वहीशेजारी ठेवलं आणि साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काका, तुम्ही तर आपले कर्मचारी ना?" अध्यक्ष गोंधळले.

"सकाळपर्यंत होतो, साहेब. राजीनामा आवक केलाय. क्रमांक चारशे बारा."

स्वतःच्या राजीनाम्यावर स्वतःच शिक्का मारून, नोंदवहीत चढवून हा माणूस दाराशी येऊन उभा राहिला होता. मी लिहायचं विसरले. नंतर ते वाक्य आठवून भरलं.

काका फार बोलले नाहीत. माझ्या वहीत ते जेमतेम अर्धं पान आहे. "तिला अंधाराची भीती वाटते, दिवा लागतो. अंगरख्याची बटणं पुढून असली तरच ती स्वतः लावते. हे त्यांच्या फॉर्मात नाही, मला माहीत आहे. संस्थेच्या वहीत नात्याचा एक रकाना आहे. तिथे माझ्यापुढे दर रविवारी 'अभ्यागत' असं लिहितात. मी अभ्यागत नाही, साहेब. मी तिचा भाऊ आहे. एवढंच."

मग तो अधिकारी वीस मिनिटं बोलला. मतदान झालं, सहा विरुद्ध पाच. विधेयक समितीतून सुटलं, पुढे सभागृहात कुणी हरकत घेतली नाही आणि वर्ष सरता सरता त्याचा कायदा झाला.

काकांना निरोप समारंभ मिळाला नाही. राजीनामा दिलेल्याला देत नाहीत, नियम आहे. समोरच्या टेबलावर आता एक मुलगी बसते. हुशार आहे, कानात सतत काहीतरी घालून बसते. पंखा कमी करू का, हेदेखील मला कुणी विचारत नाही. त्या एका प्रश्नाची मला एवढी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी बिस्किटांचा पुडा घेऊन मी त्यांच्या घरी गेले. पाच वाजून गेले होते. बघते तर काका जिन्यात, पायरीवर बसलेले. मांडीवर छत्री.

"अहो, बाहेर काय करताय? आणि ही छत्री? आभाळ तर स्वच्छ आहे."

"पाच वाजले ना. तिने हातात दिली आणि दारापर्यंत सोडलं." काका जरा सरकले, मला बसायला जागा दिली. "तिला आणून दोन महिने झाले, बाई. रोज पाच वाजले की उठते. सुरुवातीला समजावलं मी, की हे आपलंच घर आहे. तर रडायला लागली, घाबरली. वेळ संपल्यावर कुणी थांबलं तर तिथे ओरडत असतील. मग मी निघतो. इथे अर्धा तास बसतो आणि बेल वाजवतो."

"आणि रात्री?"

"परत आलो की राहू देते. पण रोज पाहुणाच मी." त्यांनी छत्रीची मूठ चोळली. "तिथे होतो तोच इथेही."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला होता. एवढं करून या माणसाच्या पदरात जिन्यातली पायरी पडावी, याचा मला संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

साडेपाचला काकांनी उठून बेल वाजवली. दार उघडलं. केस पांढरे झालेली, पुढून बटणांचा अंगरखा घातलेली बाई दारात उभी राहिली आणि तिचा चेहरा एकदम फुलला. तिने आधी छत्री घेऊन कोपऱ्यात ठेवली. मग मला न्याहाळलं.

"या आमच्या ऑफिसातल्या बाई," काका म्हणाले. "लोक जे बोलतात ते या लिहून घेतात."

तिने थोडा विचार केला. मग काकांची बाही घट्ट धरली आणि मला म्हणाली, "हा माझा दादा आहे. लिही."

वही पर्समध्ये असतेच. मी तिथेच, दारात उभ्या उभ्या ते लिहून घेतलं, आणि तिच्या सांगण्यावरून पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवलं.